बत्तीस एकर आणि बावन्न हक्क

‘गाव तिथे महारवाडा’ ही म्हण आपल्या समाजव्यवस्थेने शिवी म्हणून जन्माला घातली. चांगल्या गोष्टीला काहीतरी गालबोट असायचेच, असा तिचा रूढ अर्थ. परंतु इतिहासाचा विद्यार्थी म्हणून तिच्याकडे पाहिले तर ती शिवी राहत नाही, साक्ष होते. जिथे जिथे गाव वसले तिथे तिथे महारवाडा होता, याचा अर्थ गाव वसवणाऱ्यांत आपली माणसे पहिल्या दिवसापासून होती. रान तोडायला होती, रात्रीचा पहारा करायला होती, मेलेले ढोर ओढायला तर होतीच. गावाच्या शिवेचा दगड कोठे पुरला आहे हे महाराला ठाऊक, आणि शिवेचा तंटा पडला की साक्षही त्याचीच. असे असूनही गावाच्या स्थापनेची कथा सांगताना मूळपुरुष म्हणून त्याचे नाव कोणी घेत नाही.

वसाहत कोण वसवतो, आणि वसवणारा म्हणून कोणाची नोंद होते, हा प्रश्न मी या लेखात उभा करू इच्छितो. तो हवेत उभा करण्यात अर्थ नाही. म्हणून मी ज्या भागात राहतो आणि शिकवतो त्या भागातलेच उदाहरण घेतो. ते उदाहरण म्हणजे सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातील किर्लोस्करवाडी.

मराठी मध्यमवर्गाला किर्लोस्करवाडीची कथा तोंडपाठ आहे. शाळेच्या वक्तृत्वस्पर्धेत ती सांगितली जाते, उद्योजकांच्या चरित्रमालेत ती असते. माझ्या वर्गात मी विद्यार्थ्यांना विचारले, ‘किर्लोस्करवाडी कोणी वसवली?’ तर पन्नास हात वर होतात. ‘तुम्ही राहता ती वस्ती कोणी वसवली?’ असे विचारले की वर्ग गप्प होतो. हे मौन विद्यार्थ्यांच्या अज्ञानाचे नाही. त्याला कारणे आहेत, आणि ती कारणे तपासणे हे आपल्यासारख्यांचे काम आहे.

प्रथम जे घडले ते नीट पाहू. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ सालचा, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईला गेले. रंग नीट ओळखता येत नाहीत असे आढळल्यामुळे ती वाट बंद झाली. मग ते यंत्रांची रेखाटने शिकले व मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. तेथे त्यांची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. बेळगावला थोरले बंधू रामुअण्णा यांच्यासह सायकलींचे दुकान होतेच. त्यातूनच पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर निघाला. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली. एवढ्यात बेळगावच्या नगरपालिकेला नव्या वस्तीसाठी जागा हवी झाली, आणि किर्लोस्कर बंधूंना कारखान्याची जागा सोडावी लागली.

येथे औंध संस्थान प्रवेश करते. औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ साली गादीवर आले. ते स्वतः चित्रकार होते, आणि लक्ष्मणरावांशी त्यांचा पूर्वीचा परिचय होता. त्यांनी लक्ष्मणरावांना औंध येथे बांधकामाचे काम दिले, दहा हजार रुपयांचे कर्ज दिले, आणि आपल्या संस्थानात कारखान्यासाठी जागा देऊ केली. कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर माळजमीन लक्ष्मणरावांनी घेतली. निवडुंगाने भरलेली, सापांचा सुळसुळाट असलेली ही जमीन. १९१० साली तेथे वस्ती पडली. पुढे स्टेशनचेही नाव बदलून किर्लोस्करवाडी झाले. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी आत्मचरित्राच्या नावातही निवडुंग आहे, गुलाबाच्या जोडीला. वाडीच्या कथेत हा निवडुंग इतका महत्त्वाचा आहे.

या कुटुंबाच्या कष्टांविषयी माझ्या मनात शंका नाही. माळावर संसार मांडणे सोपे नव्हते. पाण्याची सोय, घरे, रस्ते यांची जबाबदारी रामुअण्णांनी उचलली. शंभुराव जांभेकर, मंगेशराव रेगे, के. के. कुलकर्णी, अनंतराव फळणीकर हे सहकारी आपापल्या कामात पडले. पदवी नसलेल्या माणसाकडून यंत्रज्ञाचे काम करून घेण्याची दृष्टी लक्ष्मणरावांपाशी होती. पदवी म्हणजेच बुद्धी असे मानणाऱ्या आपल्या समाजात ही दृष्टी दुर्मीळ होय, हे मान्य केलेच पाहिजे. द्वेषाने लिहिलेला इतिहास आपल्या उपयोगाचा नाही.

परंतु याच कथेत आणखी एक वाक्य नेहमी येते. पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे यांच्या बळावर लक्ष्मणरावांनी हा माळ फुलवला, असे ते वाक्य. मालक, व्यवस्थापक, हिशेबनीस, विक्रेता, यंत्रज्ञ यांची नावे आपल्याला मिळतात. पंचवीस कुटुंबांची मात्र संख्या मिळते. निवडुंग प्रत्यक्ष ज्यांनी तोडला, ज्यांच्या तळहातात त्याचे काटे मोडले, ते कोणत्या गावचे, कोणत्या वाड्यातले, याची चौकशी गौरवग्रंथ करीत नाहीत. नाव आणि आकडा यांतला हा फरक किरकोळ नाही. आपल्या सबंध इतिहासलेखनाची तीच रीत आहे.

आता वाडी उभी राहायला काय काय लागले त्याची यादी करू. कल्पकता लागली, चिकाटी लागली, हे सर्वजण सांगतात. त्याखेरीज जमीन लागली, आणि ती राजाच्या शब्दावर मिळाली. भांडवल लागले, आणि ते राजाच्या ओळखीवर मिळाले. रेल्वे लागली, आणि ती आधीच तेथून जात होती. शिवाय आणखी एक गोष्ट लागली, जिचा उल्लेख कोणी करीत नाही. ती म्हणजे सोडून जाण्याची मोकळीक. मुंबईत अन्याय झाला, तेव्हा लक्ष्मणरावांना राजीनामा देता आला. बेळगावची जागा गेली, तेव्हा त्यांना दुसऱ्या मुलखात जाता आले, आणि गेले तेथे कोणी त्यांची जात विचारून दार लावून घेतले नाही.

याच लोहमार्गावरचा एक प्रसंग आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत आहे. १९०१ साली, म्हणजे वाडी वसण्यापूर्वी नऊ वर्षे, साताऱ्याहून तीन-चार मुले नवे कपडे घालून वडिलांना भेटायला निघाली. त्यांचे वडील खटाव तालुक्यातील कोरेगाव येथे, दुष्काळी कामावर रोखपाल होते. पाडळीला मुले गाडीत बसली आणि मसूरला उतरली. ती महारांची आहेत हे कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. बैलगाडीवाले भाडे घ्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे ठरले आणि गाडी मुलांनीच हाकायची असे ठरले, तेव्हा कोठे गाडी मिळाली. वाटेत पाणी मिळाले नाही. त्या मुलांत भीमराव आंबेडकर होते. मसूर आणि कुंडल रोड ही एकाच मार्गावरची स्टेशने. एका स्टेशनावर उतरून एका माणसाने गाव वसवले, दुसऱ्यावर उतरलेल्या मुलांना बैलगाडी मिळेना. रूळ तेच होते. म्हणून नुसते यंत्र आले की समाज बदलतो, असे समजणाऱ्यांनी हे दोन प्रसंग शेजारी ठेवून वाचावेत.

वाडीत अस्पृश्यता पाळू दिली जात नव्हती, हे लक्ष्मणरावांचे मोठेपण म्हणून सांगितले जाते, आणि ते खरे मोठेपण आहे. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी वाडीच्या रात्रपहाऱ्यावर नेमले. ज्यांच्यावर चोरीचा शिक्का होता त्यांच्याच हाती राखण दिली, ही गोष्ट त्या काळात धाडसाची होती. पण यामागचे तत्त्व काय, हे आपण पाहिले पाहिजे. बत्तीस एकरांत मालकाचा शब्द चालत होता, म्हणून मालकाच्या इच्छेने तेथे विटाळ संपला. त्या बत्तीस एकरांपलीकडे मालकाचा शब्द चालत नव्हता. मालकाच्या सद्भावनेतून आलेली समता त्याच्या कुंपणापाशी थांबते. हक्क म्हणून आलेल्या समतेला कुंपण नसते. महाडच्या पाण्याचा लढा आपल्याला याच फरकासाठी लढावा लागला.

आता नांगराकडे वळू, कारण किर्लोस्करवाडीचे खरे दैवत नांगर. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत हरळी-कुंद्याची मुळे खोल गेलेली असतात. लाकडी नांगर त्यांना वरवर खरवडतो, लोखंडी नांगर मुळापासून उलटवतो. ही क्रांतीच होती. परंतु भारी जमिनीत हा नांगर ओढायला चार-सहा बैल लागत. ज्याच्याकडे जमीन आहे, बैल आहेत आणि नांगराला रोख पैसा आहे, त्याचीच शेती या नांगराने सुधारणार होती. महाराच्या वतनी तुकड्यात चार बैल वळायलाही जागा नव्हती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली भारतातील लहान धारणक्षेत्रांवर एक निबंध लिहिला. त्या वेळी विद्वानांत एकच ओरड होती की जमिनीचे तुकडे फार लहान झाले, ते एकत्र करा. बाबासाहेबांनी प्रश्न उलटा केला. जमीन लहान की मोठी हे नुसत्या गुंठ्यांवरून ठरत नाही, तिच्यात घालायला अवजारे, बैल, भांडवल किती आहे त्यावरून ठरते, असे त्यांनी दाखवून दिले. शेतीवर रिकामा बसलेला माणूस कारखान्यांनी ओढून घेतल्याखेरीज शेतीचे दुखणे बरे होणार नाही, हा त्यांचा निष्कर्ष. तो निबंध लिहिला जात होता, त्या वेळी कुंडलच्या माळावर नांगर ओतले जात होते. अर्थशास्त्राने जे सुचवले तेच वाडीत घडत होते असे म्हटल्यास वावगे ठरू नये. उणीव एवढीच की एका वाडीने एका प्रांताची रिकामी माणसे ओढून घेतली जात नाहीत. त्यासाठी राज्याचे धोरण लागते.

दुसरी बाजू अशी की यंत्राने बलुत्याचा पायाच काढला. लाकडी नांगर गावचा सुतार करी, त्याचा फाळ लोहार चालवी. विहिरीवरची मोट चामड्याची. ढोराने कातडे कमवायचे, चांभाराने मोट शिवायची, मांगाने नाडा आणि सोल वळायचा. १९२६ पासून वाडीत पाण्याचे पंप होऊ लागले. पुढच्या काही दशकांत या खोऱ्यात मोटेची जागा पंपाने घेतली. कातड्याच्या घाणीतून, जातीच्या धंद्यातून माणूस सुटला, हे चांगलेच झाले. मेलेले ढोर ओढू नका, असे आपले नेते सांगतच होते. पण धंदा गेला तेव्हा त्याच्या जागी काय आले? पंप बसला तो ज्याची विहीर त्याच्या मळ्यात. मोट शिवणाऱ्याच्या वाट्याला त्या पाण्यावरच्या उसाची मजुरी आली. यंत्राने जातीचा धंदा मोडला, पण जमिनीची वाटणी आहे तशीच ठेवली. सुधारणा झाली आणि आपण तिथेच राहिलो, याचा उलगडा मला येथे होतो.

आता शीर्षकातल्या दुसऱ्या आकड्याविषयी. महारांमध्ये एक दंतकथा पिढ्यान् पिढ्या चालत आली. बेदरच्या बादशहाची अमृतनाक नावाच्या महाराने मोठी इमानी सेवा केली, आणि बादशहाने प्रसन्न होऊन महारांना बावन्न हक्क दिले. ही आपली स्थापनाकथा. आमच्या आजीच्या तोंडून मी ती ऐकली आहे, आणि सांगताना तिचा सूर अभिमानाचा असे. पण हे बावन्न हक्क होते काय? खळ्यावरच्या धान्याचा वाटा, सणाची भाकरी, मढ्यावरचे कापड, मेल्या जनावराचे कातडे. बावन्नांची यादी कितीही वाचली तरी तिच्यात बत्तीस एकर सापडत नाहीत. एका राजाने एका कुटुंबाला जमीन दिली, तेथे वाडी उभी राहिली. दुसऱ्या राजाने एका सबंध जातीला हक्क दिले, ती जात गावाच्या दारात उभी राहिली. दिलेल्या गोष्टीतच पुढचा इतिहास ठरून गेला.

हक्कांबरोबर वतन आले. इंग्रजी अमदानीत १८७४ च्या वतन कायद्याने त्याला कायद्याचे कुलूप लावले. थोडीशी इनाम जमीन, थोडे बलुते, नाममात्र पगार आणि त्याबदल्यात रात्रंदिवस सरकारची आणि गावाची हरकामी. काम ठरलेले नाही, तास ठरलेले नाहीत, आणि पाळी असलेला पुरुष घरी नसला तर घरच्या इतरांना जुंपायचे. काम सोडले की जमीन गेली. किर्लोस्करांना सोडून जाण्याची जी मोकळीक होती ती वतनदार महाराला कायद्यानेच नव्हती. बाबासाहेबांनी १९२८ च्या मार्चमध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याचसाठी. ते त्यांना पुढे मागे घ्यावे लागले. राजर्षी शाहू महाराजांनी त्याआधीच, १९१८ मध्ये, कोल्हापूर संस्थानात महारवतन रद्द करून जमिनी रयताव्याने महारांच्या नावे करण्याचा निर्णय घेतला होता. एका संस्थानिकाची सही काय करू शकते याची दोन उदाहरणे शेजारशेजारच्या मुलखात, आठ वर्षांच्या अंतराने घडली. औंधच्या सहीने एक कारखाना उभा राहिला, कोल्हापूरच्या सहीने एका जातीची वेठ सुटली. मराठी पाठ्यपुस्तकांत दोन्हींना सारखी जागा मिळाली पाहिजे.

खालसा मुलखात वतन जायला स्वातंत्र्यानंतरचा १९५८ चा कायदा यावा लागला. वतन गेले, जमीन सरकारजमा झाली, आणि ठरलेली कब्जेहक्काची रक्कम भरणाऱ्याला ती परत मिळाली, तीही नव्या शर्तीवर. आमच्या घराण्याची जमीन अशीच परत मिळाली. आज ती एकोणीस गुंठे आहे आणि सातबाऱ्यावर सव्वीस नावे आहेत. माझे वडील आयुष्यभर गवंड्याच्या हाताखाली राबले, आई दुसऱ्यांच्या द्राक्षबागेत. घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. एकोणीस गुंठ्यांवर कोणी वाडी वसवू शकत नाही. त्या सव्वीस नावांतला एकही माणूस कमी कष्टाळू नव्हता, हे मी घरातला माणूस म्हणून सांगतो. ‘उद्योगी माणूस माळाचे नंदनवन करतो’ हे वाक्य जेव्हा जेव्हा व्यासपीठावरून ऐकू येते, तेव्हा त्या माणसाला आधी माळ कोणी दिला, हे विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

वसाहतीच्या इतिहासात आणखी एक फांदी आहे, तीही विसरता येत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले, आणि त्यांच्यासाठीही वसाहती काढल्या. सोलापूरची सेटलमेंट आपल्या सर्वांना ठाऊक आहे. तारेचे कुंपण आणि हजेरी. १९५२ च्या ऑगस्टमध्ये तो कायदा रद्द झाला. एकाच काळात, एकाच मराठी मुलखात ‘वसाहत’ या शब्दाचे हे दोन अर्थ होते. एका वसाहतीला दार होते, दुसरीला तार होती. मात्र औंधच्याच संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले, तेथे शिक्षा झालेल्या कैद्यांना भिंतीशिवाय ठेवून शेती करू दिली गेली. १९५७ साली आलेला ‘दो आंखें बारह हाथ’ हा चित्रपट त्यावरच बेतलेला. जमीन आणि विश्वास दिला तर खुनाची शिक्षा झालेला माणूसही शेतकरी होतो, हे आपल्या जिल्ह्यात सिद्ध झाले आहे. मग ज्याने कोणताच गुन्हा केला नाही, त्या गावकुसाबाहेरच्या माणसाला जमीन देऊन वसवण्यात अडचण कसली होती?

ही मागणी आपण केली नव्हती असे कोणी म्हणू नये. जुलै १९४२ मध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली. गावापासून वेगळ्या, स्वतंत्र वसाहती अनुसूचित जातींसाठी उभ्या करा, लागवडीलायक पडीक सरकारी जमीन त्यासाठी राखून ठेवा, वसाहत आयोग नेमा आणि मध्यवर्ती सरकारने दरवर्षी किमान पाच कोटी रुपये त्यासाठी द्या, असा ठराव तेथे झाला. १९४७ साली संविधान सभेसाठी तयार केलेल्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात बाबासाहेबांनी हीच योजना कलमांच्या रूपात मांडली. शेती हा राज्याचा उद्योग करावा आणि जमीन जातिधर्म न पाहता गावकऱ्यांना सामुदायिक कसण्यासाठी द्यावी, ही योजनाही त्याच निवेदनात आहे. नीट पाहिले तर या मागणीत वाडीसाठी लागलेली प्रत्येक गोष्ट आहे. जमीन आहे, भांडवल आहे, जुनी जागा सोडून जाण्याची मोकळीक आहे. फरक एवढाच की ती राजाच्या मैत्रीतून मागितलेली नाही, नागरिक म्हणून संविधानाकडे मागितली आहे. त्या मागणीला संविधानात जागा मिळाली नाही.

पुढचा इतिहास रस्त्यावरचा आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. ६ डिसेंबर १९६४ ला सुरू झालेल्या सत्याग्रहात देशभर माणसांनी तुरुंग भरले. गायरानावरची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर १९९१ मध्ये घेतला. दादासाहेबांच्याच नावाने २००४ साली योजना आली, भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिराईत किंवा दोन एकर बागाईत. नव्वद वर्षांपूर्वी एका कुटुंबाला बत्तीस एकर मिळाले तेव्हा अर्ज, दाखला, निवड समिती यांपैकी काही लागले नव्हते. आपल्या चार एकरांना सगळे लागते, आणि मग कळते की त्या दराने जमीन विकायला गावात कोणी तयार नाही.

आणि जेथे जमीन हाती राहिली तेथे काय झाले? याच जिल्ह्यात, मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे मधुकर देवल यांच्या पुढाकाराने दलित कुटुंबांनी आपल्या जमिनी एकत्र करून सहकारी संयुक्त शेती केली. देवलांची विचारसरणी आपली नव्हे, पण प्रयोग आपल्या माणसांच्या हातांचा आहे. तुकडे एकत्र आले, पाणी आले, तर वतनी जमीनही पोट भरते, हे तेथे दिसून आले. बाबासाहेबांचा १९१८ चा निबंध आणि १९४७ चे निवेदन यांची एक लहानशी परीक्षा म्हैसाळच्या मातीत झाली, असे मी मानतो.

शेवटी नोंदीचा प्रश्न. किर्लोस्करवाडीची कथा आपल्यापर्यंत पोचली, कारण वाडीने स्वतःची कथा स्वतः छापली. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी वाडीतून ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले, आणि त्यातूनच पुढे ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’, ‘मनोहर’ ही मासिके मराठी घराघरांत गेली. त्याच १९२० च्या ३१ जानेवारीला ‘मूकनायक’ निघाला. एकाच्या पाठीशी कारखाना होता, दुसरा शाहू महाराजांच्या मदतीवर उभा राहिला आणि थोड्याच वर्षांत बंद पडला. ज्याच्याकडे यंत्र असते, त्याचा इतिहास टिकतो. आपल्या वस्त्यांचा इतिहास म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात राहिला, आणि ती माणसे एकेक करून जात आहेत.

म्हणून या नियतकालिकाच्या वाचकांना, विशेषतः विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना, माझे सांगणे आहे. १९५६ नंतर, १९५९ नंतर, दुष्काळानंतर, महापुरानंतर आपल्या माणसांनी शेकडो वस्त्या वसवल्या. जुना वाडा सोडला, माळावर पहिली झोपडी घातली, विहीर खणली, विहार बांधले. आज त्यांना भीमनगर, रमाईनगर, नवी वसाहत म्हणतात. त्या प्रत्येक वस्तीचा संस्थापक कोणीतरी आहे. तलाठ्याकडे फेरफार आहेत, जुनी कोतवाल बुके आहेत, वतनाच्या नोंदी आहेत, ग्रामपंचायतीत घरांचे उतारे आहेत. ते काढा. पहिली झोपडी कोणी घातली, पहिला हंडा कोणत्या बाईने कोठून आणला, कोणी विरोध केला, जमीन कोणाच्या नावे होती आणि आज कोणाच्या नावे आहे, हे नावानिशी आणि सालानिशी लिहून घ्या. किर्लोस्करवाडीच्या जुन्या कामगारांच्या घरीही जा, त्या पंचवीस कुटुंबांची नावे विचारा. त्यांचे वंशज कोणत्याही जातीचे निघोत, आकड्यातून नावात येण्याचा हक्क त्यांनाही आहे.

हे काम हौसेचे नाही. उद्या गायरानाच्या दाव्यात, शर्तभंगाच्या नोटिशीत, स्मशानभूमीच्या वादात हाच कागद न्यायालयापुढे उभा राहणार आहे. इतिहास नसलेल्या वस्तीला अतिक्रमण म्हणतात. आपल्या वस्त्यांना त्या शब्दापासून वाचवायचे असेल, तर संस्थापकांच्या नावांसह त्यांचा इतिहास आपल्यालाच लिहिला पाहिजे, आणि त्या इतिहासाच्या शेवटी १९४२ ची मागणी पुन्हा मांडली पाहिजे. बावन्न हक्कांची भाकरी आपण टाकून दिली. जमिनीचा हक्क मात्र अजून घ्यायचा राहिला आहे.